पेशवाई हरली ती खडकीत, देशाच्या गोळ्या बनतात त्या खडकीत आणि जखमी जवान येतात तेही खडकीतच

जुन्या मुंबई-पुणे हायवेनं पुण्याकडं यायला लागलं की दापोडी मागं पडते, मुळा नदीवरचा हॅरिस पूल लागतो आणि पूल ओलांडला की बोपोडी-खडकी सुरू होते.

उंच भिंती, त्यावर तारांचं कुंपण, गेटवर पहारा आणि जागोजागी "फोटो काढण्यास मनाई आहे" अशा पाट्या.

बहुतेक पुणेकरांच्या लेखी खडकी एवढीच असते. लोकल थांबते, सिग्नल लागतो, गाडी पुढं जाते.

पण त्या भिंतींच्या आत आणि आजूबाजूच्या चार-पाच किलोमीटरमध्ये काय काय आहे ते बघा. पेशवाईचा शेवट सुरू झाला ते रणांगण, दीडशे वर्षांहून जुना दारूगोळ्याचा कारखाना, युद्धात पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या सॅपर्सचं घर, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या हजारो सैनिकांचं स्मारक आणि मणक्याला गोळी लागून कायमचे व्हीलचेअरवर आलेल्या जवानांचं केंद्र.

म्हणजे युद्धाची सुरुवात आणि युद्धाचा शेवट, दोन्ही एकाच गावात.

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून जगभरात एक प्रश्न विचारला जातोय. युद्ध लांबलं तर दारूगोळा बनवणार कोण आणि कुठं? या प्रश्नाचं भारतातलं एक जुनं उत्तर म्हणजे खडकी.

५ नोव्हेंबर १८१७ ची दुपार

गोष्ट सुरू होते दुसऱ्या बाजीरावाच्या काळात.

जून १८१७ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांवर पुण्याचा तह लादला. त्यात बराच मुलूख गेला आणि मराठा संघाचं पुढारपणही गेलं. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याचा मुक्काम संगमावर, म्हणजे मुळा आणि मुठा जिथं मिळतात तिथं.

ऑक्टोबरपर्यंत वातावरण तापलं होतं. पेशव्यांचे सरदार फौजा घेऊन पुण्यात जमत होते. इंग्रजांची पलटण तेव्हा गारपिराच्या भागात होती. शहराच्या इतक्या जवळ राहणं धोक्याचं आहे हे ओळखून एल्फिन्स्टननं ती नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच खडकीला हलवली. मागं नदी, समोर मोकळं मैदान. लढायला सोयीची जागा.

५ नोव्हेंबरला मराठा फौज निघाली. सेनापती होते बापू गोखले. शनिवारवाड्यातून निघताना जरीपटक्याची काठी मोडली आणि लोकांना तो अपशकुन वाटला, अशी आठवण सांगितली जाते. बाजीराव स्वतः पर्वतीवर थांबले आणि तिथून लढाई बघत राहिले.

इकडं एल्फिन्स्टननं संगमावरचा बंगला सोडला आणि नदी ओलांडून खडकीची वाट धरली. त्याच्या मागं मराठ्यांनी बंगला पेटवला. त्यात त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं जळून गेली.

मैदान होतं गणेशखिंड ते खडकी. आज जिथं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तो सगळा परिसर.

इंग्रज नोंदींनुसार त्यांच्याकडं तीन हजारांच्या आसपास माणसं होती आणि पेशव्यांकडं पंचवीस हजारांहून जास्त. आकड्यांत लढाई एकतर्फी होती. पण लेफ्टनंट कर्नल बर यानं वाट बघत बसण्याऐवजी आपली फौज पुढं काढली. दापोडीला असलेली कॅप्टन फोर्डची पलटणही येऊन मिळाली.

मराठ्यांचं बळ घोडदळात होतं. मोरो दीक्षित जरीपटका घेऊन दौडत निघाले. पण मध्ये दलदलीचा पट्टा होता. भरधाव घोडे चिखलात रुतले, पुढचे अडखळले, मागचे त्यांच्यावर आदळले. समोरून बंदुकांच्या फैरी सुरूच होत्या. मोरो दीक्षित याच लढाईत पडले.

अंधार पडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मराठ्यांचे सुमारे पाचशे लोक कामी आले किंवा जखमी झाले. इंग्रजांचं नुकसान शंभराच्या आत होतं.

बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागला. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले आष्टीच्या लढाईत लढता लढता मारले गेले. जूनमध्ये बाजीराव शरण आले आणि पेशवाई संपली.

आता यातली टोचणारी गोष्ट. कंपनीच्या फौजेत अधिकारी गोरे होते, पण बंदूक धरणारे बहुतेक शिपाई इथलेच होते. त्या पलटणींना "किर्की" हा रणसन्मान मिळाला. किर्की म्हणजे इंग्रजांच्या जिभेवर बसलेली खडकी. स्वतंत्र भारताच्या लष्करात असे आपल्याच माणसांविरुद्ध मिळवलेले रणसन्मान आता मिरवले जात नाहीत.

मग कारखाना खडकीतच का आला?

जिंकलेल्या मैदानावर इंग्रजांनी छावणी वसवली. पुढच्या काळात पुण्याच्या भोवती दोन मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. एक आजचा कॅम्प, दुसरी खडकी.

पण नुसत्या छावणीनं कारखाना येत नाही. तो आला रेल्वेमुळं.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा टप्पा पूर्ण झाला. मुंबई बंदरावर उतरलेला माल आता बैलगाडीनं घाट न चढता थेट रेल्वेनं खडकीत येऊ लागला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८६९ मध्ये, खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला.

हिशोब सोपा होता. बंदर जवळ, पण समुद्रावरून तोफा मारता येतील इतकं जवळ नाही. मुळेचं पाणी हाताशी. मुंबईपेक्षा कोरडी हवा, कारण दारूचा सगळ्यात मोठा शत्रू ओल. राखणीला बाजूलाच पलटण. आणि कामाला माणसं? ती मावळातून, मुळशीतून, खेड-जुन्नरकडून येणारच होती.

ज्या भागातून एकेकाळी पेशव्यांच्या फौजेला माणसं मिळायची, त्याच भागातली माणसं आता हातात पगाराचं कार्ड घेऊन गेटमधून आत जाऊ लागली. तलवार गेली, लेथ आलं.

एक गोळी कशी बनते?

बाहेरून बघणाऱ्याला गोळी म्हणजे पितळेचा एक छोटा तुकडा. प्रत्यक्षात तिचे चार भाग असतात.

पहिला भाग म्हणजे पितळी नळी, म्हणजेच काडतुसाचं कवच. हे पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं असतं. आधी पत्र्याची छोटी वाटी कापतात. ती वाटी प्रेसमध्ये पुन्हा पुन्हा ओढून लांब करतात. प्रत्येक वेळी पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. हे चुकलं तर बंदुकीत कवच फाटतं.

दुसरा भाग म्हणजे बुडाशी बसणारी टोपी. तिच्यात अगदी थोडं, पण ठोका बसताच पेटणारं रसायन असतं. तिसरा भाग म्हणजे कवचात भरलेली दारू. टोपी पेटली की ती जळते आणि तिच्या वायूचा दाब तयार होतो. चौथा भाग म्हणजे पुढचं टोक, जे प्रत्यक्षात उडून जातं.

चारही भाग जुळले की मग तपासणी. वजन, लांबी, टोपी किती खोल बसली, कवचाला चीर तर नाही ना, सगळं बघितलं जातं. प्रत्येक खेपेतल्या काही गोळ्या काढून प्रत्यक्ष झाडून बघतात.

इतकं का? कारण सीमेवरच्या जवानाला दुसरी संधी मिळेलच असं नसतं. ऐनवेळी गोळी अडकली तर चूक कारखान्यात झालेली असते, पण किंमत तो मोजतो.

अशा कारखान्यांत काम करायचे नियमही वेगळे. काडेपेटी, लायटर, मोबाईल गेटवरच ठेवायचे. दारूच्या विभागात ठिणगी पडेल असं काही अंगावर नको. कपडे सुती, बुटाला लोखंडी खिळा नको, हत्यारं ठिणगी न पाडणाऱ्या धातूची. इमारती एकमेकींपासून लांब आणि मध्ये मातीचे बांध, म्हणजे एका ठिकाणी स्फोट झालाच तर दुसरीकडं पसरू नये.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये खडकीतच हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी उभी राहिली. एका गावात दोन कारखाने. एक काडतुसं बनवणारा, दुसरा स्फोटकं बनवणारा.

रेंजहिल्सच्या वसाहतींमध्ये आजही अशी घरं सापडतात, जिथं आजोबा, वडील आणि मुलगा तिघांनीही कारखान्यात नोकरी केली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, पुण्यातल्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. एकेकाळी त्या दिवशी तलवारी पुजल्या जायच्या, आता प्रेस आणि लेथला झेंडूचा हार पडतो.

पण ही माणसं कोणाच्या बाजूनं होती?

स्वातंत्र्याआधी हा प्रश्न फार अवघड होता. पगार इंग्रजांचा, बनवलेली गोळी इंग्रजांची आणि घरी चर्चा गांधी, टिळक आणि सावरकरांची.

या पेचाचं सगळ्यात धारदार उदाहरण म्हणजे कॅपिटॉल बॉम्बकांड.

१९४२ ची चलेजाव चळवळ ऐन भरात होती. २४ जानेवारी १९४३ च्या रात्री पुण्याच्या कॅम्पातल्या कॅपिटॉल थिएटरमध्ये, म्हणजे नंतरच्या व्हिक्टरीमध्ये, स्फोट झाले. तिथं सिनेमा बघायला गोरे सैनिक यायचे. त्यातले काही ठार झाले.

पोलिसांनी शोध सुरू केला आणि धागा पोचला तो लष्कराच्या दारूगोळ्यापर्यंत. पुणे परिसरातल्या दारूगोळा खात्यात नोकरी करणारे भास्कर कर्णिक या कटात होते. लष्करी कोठारातली स्फोटकं बाहेर काढून ती क्रांतिकारकांच्या हाती देण्यात त्यांचा वाटा होता.

त्यांना पकडून फरासखाना पोलीस चौकीत आणलं गेलं. छळ झाला तर सहकाऱ्यांची नावं तोंडून निघतील, या विचारानं त्यांनी ३१ जानेवारी १९४३ ला चौकीतच विष घेतलं. फरासखान्याजवळ त्यांचं स्मारक आजही आहे. दगडूशेठच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक रोज त्याच्या बाजूनं जातात.

पूल बांधणारी पलटण

खडकीची दुसरी ओळख म्हणजे बॉम्बे सॅपर्स, अर्थात बॉम्बे इंजिनिअर ग्रुप.

सॅपर म्हणजे लष्करातला इंजिनिअर. फौज पुढं जायची तर आधी रस्ता लागतो. नदी आडवी आली तर पूल लागतो. शत्रूनं सुरुंग पेरले असतील तर ते कोणीतरी आधी काढावे लागतात. हे सगळं सॅपर करतो, तेही बहुतेक वेळा सगळ्यांच्या पुढं राहून.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये आफ्रिकेच्या आघाडीवर सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते बॉम्बे सॅपर्सचे.

त्याहून मराठी माणसाच्या जवळचं नाव म्हणजे रामा राघोबा राणे.

कारवारजवळच्या चेंडिया गावचा हा मुलगा १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरमध्ये नौशेरा ते राजौरी रस्ता खुला करायचा होता. राजौरीत लोकांची कत्तल चालली होती, रणगाडे लवकर पोचणं गरजेचं होतं आणि रस्ता सुरुंगांनी आणि तोडलेल्या झाडांनी अडवलेला होता.

८ एप्रिलला काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी उखळी तोफेच्या माऱ्यात राणे जखमी झाले. तरी ते मागं गेले नाहीत. पुढचे तीन दिवस, गोळीबार सुरू असताना, ते रणगाड्यांसाठी वाट मोकळी करत राहिले. एका ठिकाणी तर ते रणगाड्याच्या खाली राहून त्याच्यासोबत सरपटत पुढं गेले आणि दोरीनं चालकाला थांब, चल असं सांगत राहिले.

त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला ते जिवंत होते. हा सर्वोच्च सन्मान जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. १९९४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

युद्ध नसतं तेव्हाही ही फौज रिकामी बसत नाही. जुलै १९६१ मध्ये पानशेत धरण धोक्यात आलं, तेव्हा लष्कराच्या जवानांनी पावसात रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी फुटणारं धरण काही तास तरी धरून ठेवलं. १२ जुलैला धरण फुटलं ते सकाळी. तोच लोंढा रात्री, लोक झोपेत असताना पुण्यात शिरला असता तर काय झालं असतं, या विचारानं जुन्या पेठांमधल्या माणसांच्या अंगावर आजही काटा येतो.

२९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर तिथं नवा पादचारी पूल उभारायला लष्कराला बोलावलं गेलं. ते काम बॉम्बे सॅपर्सनी केलं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये पूल लोकांसाठी खुला झाला.

यातला योगायोग बघा. स्टेशनला नाव होतं एल्फिन्स्टन. ते मुंबईचा गव्हर्नर झालेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचं, म्हणजे खडकीच्या एल्फिन्स्टनच्याच घराण्यातलं. आणि पूल बांधायला गेली ती खडकीची माणसं.

युद्ध संपल्यावर माणसं कुठं जातात?

कारखाना आणि पलटण झाली. आता खडकीची तिसरी बाजू. ती सगळ्यात शांत आहे.

खडकीत किर्की वॉर सिमेटरी आहे. छाटलेली हिरवळ, एकसारख्या दगडांच्या ओळी, प्रत्येकावर नाव, पलटण आणि वय. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६०० हून जास्त सैनिकांच्या कबरी इथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या सैनिकांच्या कबरींची कायमची देखभाल शक्य नव्हती, म्हणून त्या इथं आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त सैनिकांची नावंही इथल्या स्मारकावर आहेत. आफ्रिकेतून आलेल्या आणि भारतात मेलेल्या सैनिकांचीही नोंद इथं आहे.

वयं वाचत गेलं की पाय जड होतात. एकोणीस, एकवीस, बावीस.

पण मेलेल्यांचं स्मारक उभारणं त्या मानानं सोपं असतं. जे जखमी होऊन परत येतात, त्यांचं काय?

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया आणि फ्रान्समधून हात-पाय गमावलेले हिंदी शिपाई बोटीनं मुंबईत उतरू लागले. गावाकडं परत जाऊन शेती करता येणार नव्हती. त्यांना एखादं कौशल्य शिकवावं म्हणून १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानं मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं. पुढं ते खडकीत आलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी अपंग जवानांना तांत्रिक शिक्षण देण्याचं काम तिथं सुरू आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यातच वानवडी भागात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं.

तरी एक गट उरलाच होता. मणक्याला गोळी किंवा बॉम्बचा तुकडा लागलेले जवान. पाय जागेवर असतात, पण कमरेखाली काही कळत नाही. १९७१ च्या युद्धानंतर अशा जवानांचा प्रश्न मोठा झाला आणि १९७४ मध्ये खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं.

इथं राहणारे जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, पोहतात, हस्तकला शिकतात, कामं करतात. ज्यांचे हातही चालत नाहीत त्यांच्यातल्या काहींनी तोंडात ब्रश धरून चित्रं काढली.

कारखाना आणि हे केंद्र यांच्यात फार अंतर नाही. एका गेटमधून गोळी बाहेर पडते. तशीच कुठली तरी गोळी लागलेला माणूस दुसऱ्या गेटमधून आत येतो.

पुणेकरांनी काय केलं?

१९६२ मध्ये चीननं हल्ला केला तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हापासून म्हटलं जातं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. कोणी बांगडी दिली, कोणी मंगळसूत्रातल्या वाट्या दिल्या.

त्या पराभवातून सरकार एक गोष्ट शिकलं. दारूगोळ्याचे कारखाने कमी पडतात. मग १९६० च्या दशकात वरणगाव, अंबाझरी, चांदा असे नवे कारखाने महाराष्ट्रात उभे राहिले. त्यांच्यासाठी आधीच काम येणारा खडकीसारखा जुना कारखाना मोठाच आधार होता.

पुण्यातलं दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारकही लोकवर्गणीतून झालं. सामान्य नागरिकांनी दिलेल्या पैशांतून उभारलेलं हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. जगात बहुतेक ठिकाणी अशी स्मारकं सरकार बांधतं.

युक्रेनमुळं जगाला खडकीचं मोल कसं कळलं?

आता जरा लांब जाऊ.

युक्रेनमध्ये झापोरिझ्झिया नावाचं शहर आहे. निप्रो नदीतल्या खोर्तित्सिया बेटामुळं ते कोसॅक लढवय्यांशी जोडलेलं आहे. महाराष्ट्रात मावळ्यांचं जे स्थान आहे, साधारण तसं तिथं कोसॅकांचं. तेच शहर पोलादाच्या कारखान्यांचंही आहे. म्हणजे जुनी लढाऊ परंपरा आणि आजचे कामगार एकाच ठिकाणी. २०२२ पासून ते युद्धाच्या छायेत जगतंय.

या युद्धात ड्रोनची चर्चा फार झाली, पण रोजचा मोठा खर्च होता तो तोफगोळ्यांचा. युरोपात शीतयुद्ध संपल्यावर हे कारखाने आक्रसले होते. शांततेत एवढे गोळे कशाला, असा विचार झाला होता.

मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघानं युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. पैसे नव्हते असं नाही. कारखाने, यंत्रं, स्फोटकं आणि काम येणारी माणसं कमी पडली.

पैसे मंजूर करायला एक बैठक पुरते. दारू हाताळणारा कामगार तयार व्हायला वर्षं लागतात.

मग आता अडचण काय आहे?

१ ऑक्टोबर २०२१ ला केंद्र सरकारनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त केलं. त्याखालचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांमध्ये वाटले गेले. खडकीचे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडं गेले. या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. सातही कंपन्यांचं लोकार्पण झालं १५ ऑक्टोबर २०२१ ला, नेमकं दसऱ्याच्या दिवशी.

सरकारचं म्हणणं असं की सरकारी खात्यासारखे चालणारे कारखाने मंद होतात. कंपनी झाली की निर्णय लवकर होतील, खर्चावर लक्ष राहील, निर्यात करता येईल.

कामगार संघटनांचा याला विरोध होता. ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या कारखान्यांत संप झाला आणि चर्चेनंतर तो थांबला. २०२१ मध्ये पुन्हा बेमुदत संपाची हाक आली तेव्हा सरकारनं अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश आणून संपावर बंदीची तरतूद केली.

कामगारांची भीती नोकरीची होतीच. पण त्यांचा आणखी एक मुद्दा होता. दारूगोळ्याची मागणी साबणासारखी दर महिन्याला सारखी नसते. शांततेत ती कमी होते, युद्धात एकदम कित्येक पट वाढते. नफ्या-तोट्याचा हिशोब लावणारी कंपनी रिकामी यंत्रं आणि जास्तीची माणसं किती वर्षं सांभाळेल?

युरोपचा अनुभव बघता हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुसऱ्या बाजूनं, ऑर्डरच नसताना कामगार बसून राहतात आणि त्यांच्या हातातली कला जाते, हेही खरं आहे. निर्यातीतून तो हात चालू राहू शकतो. उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी आहे.

गावाचाही प्रश्न आहेच. खडकीचा कारभार बघतं ते कॅन्टोन्मेंट बोर्ड. जकात आणि एलबीटी गेल्यावर, पुढं जीएसटी आल्यावर अशा बोर्डांच्या तिजोऱ्या आटल्या. रस्ते, पाणी, दवाखाने, शाळा यांना पैसा कमी पडू लागला. देशात ६२ छावण्या होत्या आणि त्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं केंद्राचं धोरण आहे. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योलपासून त्याची सुरुवात झाली. खडकी आणि पुणे कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायच्याही हालचाली त्यातूनच सुरू झाल्या.

खडकी बाजारातल्या माणसाला यातून दोन गोष्टी हव्या आहेत. नळाला नियमित पाणी आणि घर दुरुस्त करायला सोपी परवानगी. गावाचं लष्करी रूप तसंच राहिलं तर त्याची हरकत नाही.

तर पुढच्या वेळी लोकल खडकीला थांबेल तेव्हा खिडकीतून त्या भिंतीकडं एकदा नीट बघा.

पलीकडं शिफ्ट सुटत असेल. कोणीतरी डबा घेऊन, सायकल काढून रेंजहिल्सच्या घराकडं निघालं असेल. त्याच्या हातून आज गेलेली गोळी कुठल्या चौकीवर पोचेल ते त्याला कळणार नाही. आणि तिथून थोड्याच अंतरावर, व्हीलचेअरवरचा एखादा जवान बास्केटमध्ये बॉल टाकायचा सराव करत असेल.